शाळेवाचून शिकलेले कलामहर्षी बाबूराव पेंटर

दरवर्षी स्मरणिकेसाठी लेख मागितला की मी एखादी पाककृती नाहीतर विणकामाचा नमुना देऊन मोकळी होते. यंदा मंडळाने ठरविले की प्रत्येकीने आपल्या कोल्हापूरच्या एकेका थोर व्यक्तीची माहिती लिहावयाची. राजर्षी शाहू महाराज, ताराराणी, भालजी पेंढारकर ही नावे भराभर वाटली गेली. माझ्या वाट्याला बाबूराव पेंटर आले. खरे सांगायचे तर मला बरेच वाटले. माझे शिक्षण सातवीपर्यंतच झालेले. पुढे शिकता आले नाही ही रुखरुख मनातून जात नाही. आणि हा मनुष्य तर असा, की ज्या ज्या विद्येत त्याने नाव काढले, त्यातली एकही विद्या तो कोणत्या शाळेत शिकला नाही. तेव्हा माझ्यासारखीने त्यांच्यावर लिहिले तर त्यात काही वावगे नाही, असे मनाशी म्हणून लेखणी हाती घेतली आहे.

बाबूरावांचे मूळ आडनाव मेस्त्री. जन्म ३ जून १८९० रोजी कोल्हापुरात झाला. वडील कृष्णराव हे कसबी कारागीर. लाकूड असो, लोखंड असो, मूर्तीची माती असो, हाती येईल त्यातून काहीतरी घडवावयाचे, अशा घरातला हा मुलगा. आपल्याकडे कारागिराच्या मुलाला वेगळे शिकवावे लागत नाही. तो रांगत असतानाच पटाशी आणि करवत पाहतो. बाप रंधा मारतो तेव्हा खाली पडणाऱ्या सालपटांशी तो खेळतो, आणि एके दिवशी कोणी न सांगता हत्यार उचलतो. बाबूरावांचे असेच झाले. शाळा फारशी झाली नाही, पण डोळ्यांना आणि हाताला वळण लागले ते कायमचे. चित्र काढणे, रंग कालविणे, मूर्ती घडविणे हे सारे त्यांनी पाहून पाहून आणि करून करून मिळविले.

त्यांच्या जोडीला नात्यातले भाऊ आनंदराव होते. दोघांचे वेड एक आणि हातही सारखेच चांगले. त्या काळी नाटक कंपन्यांचे दिवस भरात होते. किर्लोस्कर मंडळी, केशवराव भोसल्यांची ललितकलादर्श, बालगंधर्वांची गंधर्व मंडळी या कंपन्या गावोगाव फिरत. रंगभूमीवर महाल, अरण्य, रस्ता दाखवायचा तर मोठमोठे पडदे रंगवून घ्यावे लागत. हे पडदे रंगविण्यात आनंदराव आणि बाबूराव यांनी असे नाव मिळविले की लोक त्यांना पेंटर म्हणूनच ओळखू लागले, आणि मेस्त्री हे आडनाव मागे पडले. सपाट कापडावर लांबच लांब सभामंडप दिसला पाहिजे, खांबांच्या ओळी दूर जाताना बारीक होत गेल्या पाहिजेत, दिव्याच्या उजेडात रंग फिके पडता कामा नयेत, या सगळ्या गोष्टी त्यांना या पडद्यांनी शिकविल्या. पुढे सिनेमात जे उपयोगी पडले त्याचा पाया येथे घातला गेला.

१९१३ साली दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' मुंबईत झळकला आणि हलत्या चित्रांची कथा आपला मनुष्यही सांगू शकतो हे साऱ्यांना कळले. या दोघा भावांवर त्या चित्राने जादू केली. आजवर आपण पडदा रंगवीत होतो तो जागच्या जागी राहत होता. हा पडदा तर चालतो, बोलल्याचा भास करतो, रडवितो! दोघांनी मुंबईच्या जुन्या बाजारातून चित्रे दाखविण्याचे एक यंत्र विकत आणले आणि खेळ लावावयास सुरुवात केली. लोकांना वाटे, यांनी सिनेमाचा धंदा काढला. धंदा तर होताच, पण खरा हेतू अभ्यासाचा होता. रोज रात्री तीच चित्रे पाहावयाची, उजेड कोठून आला आहे, माणूस कोठे उभा केला आहे, एका दृश्यातून दुसऱ्या दृश्यात कसे गेले आहेत, हे मनात साठवावयाचे. तिकिटाचे पैसे प्रेक्षक देत होते आणि शिकत होते हे दोघे.

आता प्रश्न आला कॅमेऱ्याचा. विलायती कॅमेरा घ्यावा तर पैसा नाही. मग काय करावे? यांनी ठरविले की कॅमेरा आपणच करावयाचा. भगिनींनो, हे किती धाडसाचे होते ते समजण्यासाठी कॅमेरा आतून कसा चालतो हे थोडे सांगते. मलाही ते कळले ते शिवणयंत्रावरून. आपण यंत्र चालवितो तेव्हा कापड सलग पुढे सरकत नाही. थोडे सरकते, क्षणभर थांबते, तेवढ्यात सुई खाली येऊन टाका घालते आणि मग कापड पुन्हा सरकते. सिनेमाच्या कॅमेऱ्यातही फिल्मची पट्टी अशीच थोडी सरकते, थांबते, तेवढ्यात झडप उघडून उजेड आत येतो व एक चित्र उमटते, झडप मिटते आणि पट्टी पुढे जाते. मूकपटाच्या काळी सेकंदाला साधारण सोळा चित्रे, म्हणजे एक फूट फिल्म, या हिशेबाने कॅमेऱ्याचा दांडा हाताने फिरवावा लागे. फ्रान्समधल्या लुई ल्युमिएरला ही युक्ती शिवणयंत्र पाहूनच सुचली, असे वाचून मला फार मौज वाटली होती. म्हणजे आपल्या घरातल्या यंत्राचे आणि सिनेमाचे नाते जुने आहे!

पण हे यंत्र घडविताना केसाएवढी चूक चालत नाही. दातेरी चक्राचा एक दाता कमीजास्त झाला तर चित्र पडद्यावर थरथरते. झडप वेळेवर मिटली नाही तर सगळे पुसट होते. हे सर्व भाग लेथवर कातून, कानशीने घासून, बसवून पाहून, पुन्हा काढून करावयाचे होते. समोर नमुना होता तो फक्त चित्रे दाखविणाऱ्या यंत्राचा. त्याच्या उलट क्रिया कशी होईल ती डोक्याने ताडावयाची. काम अर्ध्यावर असताना १९१६ साली आनंदराव वारले. बाबूराव तेव्हा अवघे सव्वीस वर्षांचे. ज्याच्या बरोबरीने सारे मनोरथ केले तो भाऊच गेला. दुसरा एखादा असता तर यंत्राचे ते सुटे तुकडे पेटीत घालून पुन्हा पडदे रंगवू लागला असता. बाबूरावांनी तसे केले नाही. त्यांच्या हाताखाली विष्णुपंत दामले नावाचे एक तरुण शिष्य होते, त्यांना यंत्राची उत्तम जाण होती. त्यांना घेऊन बाबूरावांनी काम पुढे चालविले आणि १९१८ मध्ये कोल्हापुरात घडलेला कॅमेरा तयार झाला. देशी हातांनी केलेला, आणि ज्याने पुढे खरोखरीचे चित्रपट घेतले असा!

याच सुमारास महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. कंपनी म्हणजे पैसा आला, आणि कारागिराच्या घरी पैसा कोठून असणार? येथे एका स्त्रीचे नाव मुद्दाम सांगावयाचे आहे. त्या म्हणजे तानीबाई कागलकर. त्या गायिका होत्या आणि बाबूरावांच्या कलेवर त्यांची श्रद्धा होती. ज्या धंद्यात नफा होईल की सारे बुडेल हे कोणालाच ठाऊक नव्हते, त्या धंद्यासाठी त्यांनी बाबूरावांना कर्जाऊ रक्कम दिली. सिनेमाच्या इतिहासात मोठमोठ्या भांडवलवाल्यांची नावे येतात. मला वाटते, गाण्यातून एक एक रुपया करून साठविलेले पैसे दुसऱ्याच्या कलेसाठी काढून देणारी ही बाई त्यांच्यापेक्षा तसूभरही कमी नव्हती. दादासाहेब फाळक्यांच्या मागे त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई अशाच उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी दागिने दिले, कंपनीच्या माणसांना रांधून घातले, अंधाऱ्या खोलीत बसून फिल्मला भोके पाडण्याचे कामही केले. मराठी सिनेमाच्या घराचा उंबरठा असा बायकांच्या हातांनी सारवला गेला आहे.

बाबूरावांचे पहिले मोठे चित्र 'सैरंध्री'. महाभारतातील कीचकवधाची कथा सर्वांना ठाऊक आहे. विराटाच्या घरी दासी म्हणून राहिलेल्या द्रौपदीवर कीचकाची वाईट नजर पडते आणि भीम त्याचा वध करतो. याच कथेवरच्या खाडिलकरांच्या 'कीचकवध' नाटकावर इंग्रज सरकारने १९१० साली बंदी घातली होती, कारण कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन हे लोकांनी बरोबर ओळखले होते. म्हणजे कथा पुराणातली असली तरी तिच्यातला निखारा विझलेला नव्हता. पण अडचण निराळीच उभी राहिली. सैरंध्री कोणी व्हावयाचे? नाटकात पुरुष स्त्रीपार्ट करीत. सिनेमातही फाळक्यांना तारामतीच्या कामासाठी पुरुषच घ्यावा लागला होता. त्यांनी पुढे १९१३ मध्येच 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई यांना काम दिले, तरी घरंदाज म्हणवणाऱ्या समाजाची नजर काही निवळली नव्हती. बाबूरावांचा आग्रह होता की स्त्रीचे काम स्त्रीनेच करावे. कॅमेरा माणसाच्या चेहऱ्याजवळ जातो, तेथे दाढी केलेल्या गालावरची रंगाची पुटे लपत नाहीत.

शेवटी दोघीजणी पुढे आल्या. गुलाबबाई आणि अनुसूयाबाई. कंपनीत त्यांना कमलादेवी आणि सुशीलादेवी अशी नवी नावे मिळाली. सिनेमात काम केले म्हणून त्यांना त्यांच्याच समाजाने वाळीत टाकले, आणि कंपनीच्या आवारातच त्यांना राहावे लागले. मी हे वाचले तेव्हा कितीतरी वेळ हातातले काम तसेच राहिले. ज्या समाजाने पडद्यावरच्या सैरंध्रीसाठी डोळ्यांतून पाणी काढले, त्याच समाजाने ती सैरंध्री झालेल्या बाईला दारात उभे केले नाही. विराटाच्या दरबारात द्रौपदीने न्याय मागितला तेव्हाही सारे गप्पच बसले होते. आज नट्यांचे सत्कार होतात, त्यांना सरकारी पारितोषिके मिळतात, त्याबद्दल आनंदच आहे. परंतु पहिली किंमत ज्यांनी मोजली त्या कमलादेवी व सुशीलादेवींची आठवण एखाद्या हळदीकुंकवाला तरी आपण काढावी.

'सैरंध्री' ७ फेब्रुवारी १९२० रोजी पुण्याच्या आर्यन चित्रगृहात लागला. भीम कीचकाचे मस्तक धडावेगळे करतो हा देखावा बाबूरावांनी इतका हुबेहूब केला होता की प्रेक्षागृहात किंकाळ्या उठल्या, काहींना घेरी आली असे सांगतात. स्वतः लोकमान्य टिळकांनी चित्र पाहिले आणि बाबूरावांना सुवर्णपदक देऊन सिनेमा केसरी ही पदवी दिली. लोकमान्य त्याच वर्षीच्या ऑगस्टच्या पहिल्या तारखेला गेले. म्हणजे त्यांच्या अखेरच्या महिन्यांत दिलेली ही शाबासकी. कोल्हापूरचा एक शाळेबाहेरचा पोरगा, वयाची तिशीही पुरी न झालेला, आणि पाठीवर हात लोकमान्यांचा! याहून मोठे प्रशस्तिपत्र कोणते?

बाबूरावांची काम करण्याची रीत पाहण्यासारखी होती. चित्र घेण्याच्या आधी ते प्रत्येक प्रसंग कागदावर रेखाटीत. कोण कोठे उभा, पोशाख कसा, दागिने कोणते, उजेड कोणत्या बाजूने, हे सारे आधी चित्रात आणि मग कॅमेऱ्यासमोर. ज्यांनी आयुष्यभर पडदे रंगविले त्यांनीच सिनेमातून रंगविलेला पडदा हद्दपार केला, ही मोठी नवलाची गोष्ट आहे. पडद्यावर काढलेला खांब कॅमेऱ्याला खोटा दिसतो हे त्यांनी ओळखले आणि खरे खांब, खऱ्या भिंती, खरे जिने उभे करविले. उन्हाचा उजेड पांढऱ्या कापडाने मऊ करावयाचा, हवा तेथे परतवून तोंडावर टाकावयाचा, हे चित्रकाराचे गणित त्यांनी वापरले. चित्राची जाहिरातही कलेनेच व्हावी म्हणून ते स्वतः मोठी रंगीत भित्तिपत्रके काढीत आणि कथा व छायाचित्रे असलेली छापील पुस्तिका प्रेक्षकांच्या हाती देत. त्यांच्या 'कल्याण खजिना' या १९२४ च्या चित्राचे भित्तिपत्रक हे आपल्या देशात जपून राहिलेल्या अगदी जुन्या चित्रमय भित्तिपत्रकांपैकी एक मानले जाते.

पौराणिक चित्रांबरोबर त्यांनी शिवकाळही पडद्यावर आणला. १९२३ चा 'सिंहगड' हे तानाजीच्या पराक्रमाचे चित्र. मूळ कथा हरि नारायण आपट्यांच्या कादंबरीवरून घेतलेली. तानाजीने गड घेतला तो रात्री, मग चित्र दिवसा कसे घ्यावयाचे? तोपर्यंत आपल्याकडे सिनेमा म्हणजे सूर्यप्रकाशावर अवलंबून. बाबूरावांनी मोठे विजेचे दिवे लावून रात्रीचे प्रसंग घेतले. मुंबईला या चित्राला अशी गर्दी लोटली की ती पाहूनच सरकारला करमणूक कर बसविण्याची बुद्धी झाली, असे जुने लोक सांगत. तो कर मुंबई इलाख्यात १९२३ सालीच आला हे मात्र खरे. 'कल्याण खजिना'ची कथा तर आपल्या मनाला भिडणारी. कल्याणच्या सुभेदाराची सून महाराजांसमोर आणली गेली आणि महाराजांनी तिला मानाने परत पाठविले, ही गोष्ट आपण मुलांना झोपताना सांगतो. या चित्राला लंडनच्या वेम्ब्ली प्रदर्शनात पदक मिळाले. सैरंध्री असो की सुभेदाराची सून, परक्याच्या घरात सापडलेल्या स्त्रीच्या अब्रूचा प्रश्न बाबूरावांनी पुन्हा मांडला हे माझ्या लक्षात आल्यावाचून राहिले नाही.

परंतु माझ्या मते त्यांचे सर्वांत मोठे काम म्हणजे १९२५ चा 'सावकारी पाश'. कथा नारायण हरि आपट्यांची. यात देव नाहीत, राजे नाहीत, चमत्कार नाहीत. एक साधा शेतकरी. खोट्या कागदाने सावकार त्याची जमीन गिळतो आणि तो पोट भरावयास शहरात गिरणीत जातो. आपल्या मुलखात सावकाराचा जाच काही गोष्टीतला नव्हता. १८७५ साली पुणे जिल्ह्यातील सुपे गावी शेतकरी सावकारांवर उठले होते, त्यांनी कर्जाचे कागद जाळले होते, आणि पुढे १८७९ मध्ये सरकारला शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा करावा लागला होता. तरी पाश काही सुटला नव्हता. हा पाश पडद्यावर पहिल्यांदा दाखविला तो बाबूरावांनी. रात्रीची वेळ, एक मोडकी झोपडी, बाहेर आभाळाकडे तोंड करून रडणारा कुत्रा, एवढ्या देखाव्यात त्यांनी त्या घराची सारी दशा सांगितली, असे पाहणारे वर्णन करीत. मूकपट असून लोकांना कुत्र्याचे रडणे ऐकू आले. शेतकऱ्याचे काम केले होते शांताराम वणकुद्रे नावाच्या एका तरुणाने. तेच आपले व्ही. शांताराम.

या चित्राला जाणत्यांनी डोक्यावर घेतले, पण गल्ला फारसा जमला नाही. लोकांना कृष्णाच्या लीला हव्या होत्या. घरी जे भोगतो तेच पैसे देऊन कशाला पाहावयाचे, असे त्यांना वाटले असेल. यात लोकांना तरी काय दोष द्यावा? दिवसभर राबल्यावर आपल्यालाही हसवणारे नाटकच बरे वाटते. पण आज शंभर वर्षे होऊन गेल्यावर भारतातील वास्तववादी चित्रपटाचा आरंभ म्हणून नाव घेतले जाते ते याच चित्राचे. गल्ल्याचा हिशेब त्याच वर्षी होतो, कामाचा हिशेब व्हावयाला मात्र कधीकधी दोन पिढ्या जातात.

बाबूरावांची कंपनी ही एक शाळाच होती. जो स्वतः शाळेत शिकला नाही त्याच्या अंगणात केवढी शाळा भरली पाहा! विष्णुपंत दामले, साहेबमामा म्हणून ओळखले जाणारे फत्तेलाल, केशवराव धायबर, बाबूराव पेंढारकर, शांताराम हे सारे येथे घडले. ब्राह्मण घरातले दामले आणि मुसलमान घरातले फत्तेलाल यांची जोडी तर सख्ख्या भावांसारखी जन्मभर टिकली. शांताराम आले तेव्हा पडेल ते काम करणारा एक पोरगा म्हणून आले. सामान उचल, झाडलोट कर, रंग काल, फिल्म धू, उभा राहून सोंग घे. येथे फळा नव्हता, पुस्तक नव्हते, परीक्षा नव्हती. गुरूचा हात कसा चालतो ते पाहावयाचे आणि आपण करावयाचे. १९२१ च्या 'सुरेखा हरण'मध्ये शांताराम कृष्ण झाले आणि हळूहळू सर्व अंगांनी तयार झाले.

पुढची हकीगत लिहिताना मात्र लेखणी अडखळते. बाबूराव कलावंत होते, हिशेबनीस नव्हते. मनासारखे झाल्याशिवाय काम पुढे न्यावयाचे नाही, त्यासाठी दिवस मोडले तरी चालतील, ही त्यांची वृत्ती. मूर्तिकाराला ती शोभते, पण जेथे रोजची मजुरी आणि कर्जाचे व्याज चढत असते तेथे ती जड जाते. पैसा लावणाऱ्यांशी खटके उडू लागले. आणि १९२९ साली दामले, फत्तेलाल, धायबर, शांताराम हे शिष्य बाहेर पडले. सीतारामपंत कुलकर्णी यांच्यासह त्यांनी १ जून १९२९ रोजी कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी काढली. महाराष्ट्र फिल्म कंपनी त्यानंतर फार दिवस चालली नाही. 'लंका' हे १९३० चे चित्र तिच्या अखेरच्या चित्रांपैकी एक ठरले.

यात कोणाला बोल लावावा? मी पुष्कळ विचार केला. मुले मोठी झाली की वेगळी चूल मांडतात. त्यात द्वेष असतोच असे नाही, पण मागे राहिलेल्याच्या घरातला सन्नाटा काही त्यामुळे कमी होत नाही. शिष्यांनाही आपले हात पारखावयाचे होते. आणि त्यांनी गुरूचे नाव राखले हे कोणीही मान्य करील. प्रभात १९३३ मध्ये पुण्याला गेली. दामले-फत्तेलालांचा १९३६ चा 'संत तुकाराम' पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात गौरविला गेला. शांतारामांनी १९३७ मध्ये 'कुंकू'सारखे, जरठ विवाहाला तोंडावर नकार देणाऱ्या मुलीचे चित्र काढले. त्या चित्रांतली खरी वाटणारी घरे, चेहऱ्यावरचा तो उजेड पाहिला की मूळ झरा कोठला ते कळते.

१९३१ मध्ये 'आलम आरा' आला आणि चित्रे बोलू लागली. सारे जग हरखले, बाबूराव मात्र फारसे हरखले नाहीत. डोळ्यांनी सांगण्याची जी भाषा इतक्या कष्टाने कमावली ती आता बडबडीत वाहून जाईल, अशी त्यांना भीती वाटे. ती अगदीच खोटी होती असे आज दूरचित्रवाणीसमोर बसणारी कोणती बाई म्हणेल? तरीही त्यांनी हातपाय गाळले नाहीत. राजघराण्यातील अक्कासाहेब महाराजांच्या आश्रयाने कोल्हापुरात शालिनी सिनेटोन निघाली. तेथे त्यांनी १९३५ मध्ये 'उषा', १९३६ मध्ये 'सावकारी पाश'चा बोलपट आणि १९३७ मध्ये दुर्गा खोटे यांना घेऊन 'प्रतिभा' ही चित्रे केली. पण काळाचा वेग निराळा झाला होता. पुढे त्यांची चित्रे फार अंतराअंतराने आली.

एक गोष्ट मात्र मला फार गोड वाटते. शांतारामांनी मुंबईत राजकमल संस्था काढल्यावर 'लोकशाहीर राम जोशी' या चित्रासाठी आपल्या जुन्या गुरूला बोलाविले. १९४७ च्या त्या चित्रावर दिग्दर्शक म्हणून गुरू आणि शिष्य दोघांचीही नावे आहेत. ज्याच्या कंपनीत एकेकाळी झाडलोट केली, त्याचे नाव आपल्या नावाच्या बरोबरीने लावण्याचे भाग्य किती शिष्यांना मिळते? आणि एकेकाळी ज्याला काम सांगितले त्याच्या दारी काम करावयास जाण्याएवढे मोठे मन किती गुरूंना असते?

अखेरची वर्षे बाबूरावांनी कोल्हापुरात आपल्या पहिल्या प्रेमात, म्हणजे चित्रे व पुतळे घडविण्यात घालविली. शिष्यही त्यांच्याकडे शिकतच राहिले. १६ जानेवारी १९५४ रोजी त्यांचे देहावसान झाले. त्यांचे बहुतेक मूकपट आज उरलेले नाहीत. त्या काळची फिल्म चटकन पेट घेई, नाहीतर कुजून जाई. 'मुरलीवाला'सारख्या एखाद्या चित्राचे काही भाग वाचले आहेत, तेवढेच. ज्या 'सैरंध्री'ने लोकमान्यांना मोहविले आणि ज्या 'सावकारी पाशा'ने इतिहास घडविला, ती मूळ चित्रे आपल्याला आता पाहावयास मिळणार नाहीत. खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा जो स्तंभ आहे, त्याच्यावरून आपण भाजी घेऊन कितीदा जातो. यापुढे जाल तेव्हा क्षणभर थांबा.

आपल्याकडे आपण होऊन शिकलेल्याला एकलव्य म्हणण्याची पद्धत आहे. पण एकलव्याची विद्या त्याच्या अंगठ्याबरोबर गेली. बाबूरावांनी अंगठा दिला नाही. आपली विद्या पाचपंचवीस जणांना वाटून दिली, म्हणून ती टिकली. त्यांची चित्रे जळाली, कंपनी मोडली, पैसाही राहिला नाही, तरी मराठी सिनेमा उभा राहिला तो त्यांच्याच हाताखालच्या माणसांच्या बळावर.

आपल्या घरात एखादा मुलगा किंवा मुलगी असते. पुस्तक उघडले की जांभया देते, आणि बिघडलेले मिक्सर किंवा घड्याळ दिसले की तासन् तास खोलून बसते. आपण म्हणतो, अभ्यास सोडून हे काय आरंभिले आहे? माझ्याही घरी असे बोलणे होते, आणि बोलणारी मीच असते. शाळा हवीच. ती ज्यांची सुटली त्यांनाच तिची किंमत कळते, म्हणून मी शाळा सोडा असे कधी म्हणणार नाही. पण हा लेख लिहिताना एवढे मात्र ठरविले आहे की यापुढे त्या पोराच्या हातातला स्क्रू-ड्रायव्हर मी हिसकावून घेणार नाही. अभ्यास झाल्यावर एक तास तो त्याचा. आणि मंडळात चित्रकला, शिवण, मूर्तिकाम यांपैकी ज्या भगिनीला जे येत असेल ते तिने दुसरीला शिकवावे, प्रमाणपत्र असो वा नसो. कलामहर्षींना आपण वाहावयाचे फूल हेच.